घरबसल्या काम : मालक कोण?

"घरबसल्या कमवा" ही दोन शब्दांची जाहिरात आज देशातील बहुतेक सर्व भाषांत वाचावयास मिळते. विजेच्या खांबांवर, आगगाडीच्या डब्यांत, वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ती पूर्वीपासून होतीच. आता ती मुख्यतः मोबाइलच्या पडद्यावर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केल्याचे जाहीर केले, तेव्हा याच शब्दांचा उल्लेख सरकारी निवेदनात करावा लागला. अर्धवेळ कामाचे आमिष दाखवून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या हेच शब्द वापरून अनेक भाषांत जाहिराती देतात आणि निवृत्त कर्मचारी, स्त्रिया व बेकार तरुण हे त्यांचे प्रमुख लक्ष्य असते, अशी कबुली त्या निवेदनात होती. संकेतस्थळे बंद झाली. जाहिराती बंद झाल्या नाहीत. कारण ज्या गरजेवर त्या पोसल्या जातात, ती गरज कायम आहे.

इंदूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. बंद पडलेल्या कापड गिरणीतील एका वृद्ध कामगाराची ही सून. वाणिज्य शाखेची पदवीधर. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि दोन लहान मुले. चार महिने तिने घरून करता येण्याजोग्या कामाचा शोध घेतला. प्रथम पेन्सिली खोक्यांत भरण्याचे काम देऊ केले गेले. 'ओळखपत्रा'साठी साडेसहाशे रुपये, नंतर 'माल वाहतुकी'साठी आणखी दीड हजार तिने भरले. पेन्सिली आल्या नाहीत. दुसऱ्या वेळी संगणकावर मजकूर उतरवून देण्याचे काम मिळाले. पाच रात्री जागून तिने पाने टंकलिखित केली. सहाव्या दिवशी चुका मर्यादेपेक्षा अधिक आहेत म्हणून मजुरी नाकारण्यात आली, आणि उलट करारभंगाबद्दल सहा हजार रुपये भरा, अन्यथा खटला होईल, अशी 'वकिलाची नोटीस' मोबाइलवर आली. तिसऱ्या वेळी खरे काम मिळाले. एका कपडे व्यापाऱ्याचा माणूस कुर्त्यांचे गठ्ठे आणून देऊ लागला. काज-बटणे करून द्यायची. दुसऱ्याच आठवड्यात काही कुर्त्यांवर डाग आहेत म्हणून सबंध गठ्ठ्याची मजुरी कापली गेली. दुकानाचे नाव तिने विचारले, तेव्हा तुला त्याच्याशी काय करायचे आहे, असे उत्तर मिळाले. पत्राच्या शेवटी ती विचारते : "यातले खरे काम कोणते आणि खोटे कोणते, हे आधी ओळखायचे कसे?"

हा प्रश्न एका स्त्रीचा नाही, आणि त्याचे उत्तर 'सावध राहा' एवढ्यावर संपणारे नाही.

अशा प्रसंगी सुशिक्षित मध्यमवर्गीयांकडून आणि सरकारी प्रचारातून जो उपदेश ऐकू येतो, त्याचा प्रथम समाचार घेतला पाहिजे. लोक लोभी झाले आहेत, कष्टाविना पैसा हवा आहे, म्हणून ते फसतात, असे सांगितले जाते. पाच रात्री जागून टंकलेखन करणाऱ्या स्त्रीला कष्टाविना पैसा हवा होता काय? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सरकारच्याच २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील विनावेतन कामात गुंतलेली स्त्री त्यावर दररोज सरासरी २८९ मिनिटे खर्च करते, पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे जवळजवळ पाच तासांची एक पाळी संपवून ती दुसऱ्या, मोबदल्याच्या पाळीचा शोध घेत असते. पाळणाघर नाही, आजारी माणसाची शुश्रूषा करणारी सार्वजनिक व्यवस्था नाही, कामाच्या ठिकाणी जायला परवडणारे व सुरक्षित वाहन नाही, आणि घराजवळ नोकरी तर नाहीच. अशा स्थितीत घर हेच कामाचे ठिकाण व्हावे असे तिला वाटले, तर तो तिचा हव्यास नव्हे. तिच्यापुढे मोकळा राहिलेला तो एकमेव दरवाजा आहे. अपंग श्रमिक, निवृत्तिवेतनाविना राहिलेले वृद्ध आणि छोट्या गावांतील पदवीधर तरुण यांचीही हीच अवस्था आहे. भामटे याच दरवाजात उभे राहतात.

त्यांच्या पद्धती फारशा गूढ नाहीत. पहिली पद्धत सर्वांत जुनी : कामापूर्वी पैसे मागणे. कधी नोंदणी शुल्क, कधी अनामत, कधी प्रशिक्षणाचा खर्च. पेन्सिलींसारख्या वस्तू कारखान्यात यंत्रावर भरल्या जातात. त्या घरोघर पाठवून परत गोळा करण्यात कोणत्याही कारखानदाराला फायदा नाही, एवढा साधा हिशेब मांडला तरी हे सोंग उघडे पडते. दुसरी पद्धत 'टास्क'ची. चित्रफितींना पसंती द्या, एखाद्या उपाहारगृहाला चांगले गुण द्या, असे किरकोळ काम सांगून प्रारंभी शे-दोनशे रुपये खरोखरच खात्यात जमा केले जातात. विश्वास बसला की अधिक लाभासाठी स्वतःचे पैसे गुंतवायला सांगितले जाते. पडद्यावर नफ्याचे आकडे वाढत राहतात आणि रक्कम काढू गेल्यास आधी 'कर' भरा असे फर्मान निघते. तिसरी पद्धत धमकीची, आणि ती सर्वांत निर्दय आहे, कारण ती माणसाकडून खरोखर श्रम करून घेते. करारपत्र मोबाइलवर येते, घाईघाईने अंगठा टेकवला जातो, काम पुरे होते, मग चुका शोधल्या जातात आणि खटल्याची भीती घालून पैसे उकळले जातात.

या तिसऱ्या प्रकाराविषयी आमच्या वाचकांनी कायद्याची बाजू नीट ध्यानात ठेवावी. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. साधा करार पुरा करता आला नाही म्हणून कोणाला अटक होत नाही. तो दिवाणी तंटा असतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची कोणतीही रक्कम लिहिलेली असली, तरी न्यायालय केवळ वाजवी भरपाईच देऊ शकते. उलटपक्षी, फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली आणि धाक दाखवून पैसे उकळणे हा कलम ३०८ खाली गुन्हा आहे. तुरुंगाची भीती ज्याने बाळगावी तो नोटीस पाठवणारा आहे, नोटीस घेणारी नव्हे.

या धंद्याची सूत्रे कोठे हलतात? गृहमंत्रालयाच्या त्याच निवेदनानुसार या संकेतस्थळांचे चालक परदेशात होते आणि लुटीचा पैसा कूट-चलन, परदेशी एटीएम व अन्य आधुनिक मार्गांनी देशाबाहेर नेला जात होता. परंतु चित्राची दुसरी बाजू मार्च २०२५ मध्ये पुढे आली. म्यानमार-थायलंड सीमेवरील म्यावाडी परिसरातील फसवणूक केंद्रांतून सुटका झालेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले. यांपैकी अनेकांना चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून नेण्यात आले होते आणि तेथे लोकांना फसवण्याचे काम त्यांच्याकडून सक्तीने करून घेतले जात होते. म्हणजे मोबाइलच्या एका टोकाला कामाच्या शोधात फसलेला माणूस, आणि दुसऱ्या टोकालाही कामाच्या शोधात फसलेलाच माणूस! बेकारीच या बाजारात कच्चा माल आहे आणि तीच हत्यारही आहे. नफा मात्र तिसऱ्याच्या खिशात जातो, आणि त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते.

तथापि प्रश्न भामट्यांपुरता मर्यादित ठेवणे ही मोठी चूक ठरेल. आमच्या भगिनीचा तिसरा अनुभव खऱ्या कामाचा होता, आणि तरीही तो दुसऱ्या, खोट्या कामासारखाच संपला. दोन्हीकडे मालकाचे नाव नव्हते. दोन्हीकडे लेखी दर नव्हता, किंवा असला तर एकतर्फी होता. दोन्हीकडे केलेले काम नाकारण्याचा अनिर्बंध अधिकार समोरच्याकडे होता. खरे घरकाम आणि त्याचे सोंग यांत फरक करणे कठीण जाते, ते लोकांच्या भोळेपणामुळे नव्हे. खऱ्या घरकामाला चेहरा नसल्यामुळे सोंग घेणाऱ्याचे काम सोपे होते.

भांडवलशाहीत ही स्थिती नवी नाही. मार्क्सने 'भांडवल'च्या १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात आधुनिक गृहोद्योगाची चिकित्सा करताना लंडनडेरी येथील एका शर्टांच्या कारखान्याचे उदाहरण दिले आहे : कारखान्यात एक हजार कामगार, आणि आसपासच्या मुलखात आपापल्या घरी बसून त्याच कारखान्यासाठी राबणारे नऊ हजार. घर हा तेथे कारखान्याचाच बाहेरचा विभाग झाला होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अहवालानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी लोक घरून काम करीत होते आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. कारखाना घरात शिरला की जागेचे भाडे, विजेचे बिल, यंत्राची दुरुस्ती आणि मंदीचा तोटा हे सर्व मालकाच्या खतावणीतून निघून कामगाराच्या डोक्यावर येते. मालकाला मिळते ती केवळ तयार वस्तू नव्हे. एकमेकांना न ओळखणारे कामगारही त्याला मिळतात.

या अंधारात प्रकाश पडला तो उपदेशाने नव्हे, संघटनेने. इंग्लंडमधील क्रॅडले हीथ गावी स्त्रिया घरामागच्या छोट्या भट्ट्यांवर लोखंडी साखळ्या ठोकीत. १९०९ च्या कायद्याने अशा चार धंद्यांसाठी किमान दर ठरवणारी मंडळे स्थापन झाली, आणि साखळ्यांचा ताशी अडीच पेन्स दर ठरला. तेव्हा मालकांनी निरक्षर स्त्रियांकडून, आम्हांला हा दर नको, अशा अर्थाच्या कागदांवर सह्या घेतल्या. आजच्या मोबाइलवरील न वाचलेल्या करारपत्राचा हा पूर्वजच म्हणावयाचा. मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली १९१० मध्ये या स्त्रियांनी सुमारे दहा आठवडे संप केला आणि ठरलेला दर मिळवला. घरात विखुरलेला कामगार लढू शकत नाही, हा समज त्या वर्षी खोटा ठरला.

आपल्या देशात हाच धडा बिडी कामगारांनी गिरवला. पाने, तंबाखू आणि सूत घरी न्यायचे, बिड्या वळून आणून द्यायच्या, आणि कारखानदाराच्या माणसाने त्यांतून मनाला येईल तेवढ्या बाद करायच्या, ही त्या धंद्याची रीत. मालक म्हणे : हे माझे कामगार नव्हेत, माझ्याकडून माल घेऊन जाणारे स्वतंत्र कारागीर आहेत. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी बिड्या वळणाऱ्यालाही कामगार मानले. माल किती दिला, किती बिड्या नाकारल्या आणि नाकारलेल्यांची मजुरी किती, या तंट्यांसाठीही त्यात तरतूद होती. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात न्यायालयाने कायदा उचलून धरला. पुढे भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न आला, तेव्हा पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात १९८५ साली न्यायालयाने जे सूत्र मांडले ते प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे इतक्या मोलाचे आहे. काम घरी होत असले आणि मालक डोक्यावर उभा नसला, तरी तयार माल प्रतीचा नाही म्हणून नाकारण्याचा अधिकार त्याच्या हाती आहे. हा अधिकार हेच त्याच्या नियंत्रणाचे लक्षण होय. साध्या भाषेत सांगायचे तर, जो काम नाकारू शकतो तो मालक.

या लढ्यांचे फळ काय, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने सोलापूरजवळ कुंभारी येथे जावे. घरात बसून बिड्या वळणाऱ्या स्त्रियांनी संघटित होऊन तेथे दहा हजार घरांची वसाहत उभी करवून घेतली. २००६ साली ती त्यांच्या हाती आली आणि कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचे नाव तिला दिले गेले. ज्यांच्या घराचा मालकांनी कारखाना केला होता, त्यांनी संघटनेच्या बळावर स्वतःचे घर मिळवले.

हे सूत्र आजच्या घरकामाला लावले असता सरकारच्या धोरणातील पोकळी स्पष्ट दिसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांत बिडी कामगारांचा १९६६ चा कायदा विलीन झाला आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत 'घरून काम करणारा श्रमिक' अशी व्याख्या आहे हे खरे. मालकासाठी, मोबदला घेऊन, स्वतःच्या घरी किंवा स्वतः निवडलेल्या जागी वस्तू वा सेवा निर्माण करणारा, असा तिचा आशय आहे. म्हणजे मालक असतो हे कायद्याला मान्य आहे! पण या श्रमिकाची गणना असंघटितांत करून त्याच्या पदरात टाकले काय, तर नोंदणी आणि योजनांचे आश्वासन. २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत तीस कोटींहून अधिक श्रमिकांची नावे आहेत. परंतु ही नोंदणी श्रमिकाची आहे. त्याला घरी काम देणाऱ्या मालकाची नव्हे. ज्याच्याकडून मजुरी वसूल करायची तोच वहीबाहेर राहिला. बिडी कामगारांच्या कल्याण निधीला आधार देणारा उपकरही २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर रद्द करण्यात आला. आणि घरकामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक द्यावी असे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६ च्या १७७ क्रमांकाच्या ठरावपत्राला भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. घरी काम देणाऱ्या प्रत्येक मूळ मालकाची सक्तीची व जनतेला पाहता येईल अशी नोंदणी झाली पाहिजे. मधल्या माणसाच्या आड त्याला लपता येऊ नये. प्रत्येक घरकामगाराला मालकाचे नाव, नगाचा दर आणि काम नाकारण्याच्या अटी लेखी मिळाल्या पाहिजेत, आणि नगाचा दर असा असावा की सर्वसाधारण वेगाने काम करणाऱ्यास किमान वेतन सुटेल. नाकारलेल्या कामाबद्दलचे तंटे थोडक्यात व विनाखर्च सोडवणारी यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यांत हवी. काम देण्यासाठी पैसे घेणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला जावा. आणि या जाहिरातींवर नफा मिळवणाऱ्या बड्या कंपन्यांना, जाहिरातदार कोण हे आम्हांला ठाऊक नव्हते, असे म्हणून हात झटकू देता कामा नये. १७७ क्रमांकाच्या ठरावपत्राला सरकारने मान्यता दिलीच पाहिजे.

येथे थोडे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. कारखान्याच्या फाटकावर सभा घेण्याची आपल्याला सवय आहे. ज्या कामाला फाटकच नाही, त्याच्याकडे पुष्कळदा आपले लक्ष गेलेले नाही. बिडी धंद्यात जे साधले ते शिवणकाम, अगरबत्ती, पापड आणि संगणकावरचे टंकलेखन यांत अजून व्हावयाचे आहे. एका चाळीत दहा घरी गठ्ठे येत असतील, तर त्या दहा जणींची एकत्र बैठक घेणे आणि दर ताडून पाहणे हे काम कोणत्याही शाखेला आजपासून करता येईल. संघटनेचा प्रारंभ तेथूनच होतो.

आता आमच्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. खरे काम ओळखण्याची पहिली खूण ही, की ते मिळवण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. मजुरीचा ओघ मालकाकडून कामगाराकडे असतो, त्याच्या उलट कधीच नव्हे. दुसरी खूण तीन प्रश्नांची : मालक कोण व त्याचा पत्ता काय, नगाचा दर काय आणि पैसे कोणत्या दिवशी, काम कोण व कोणत्या कारणाने नाकारणार. याची लेखी उत्तरे मिळत नसतील तर काम घेऊ नये. फसवणूक झालीच, तर लाज बाळगून गप्प बसू नये; तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार नोंदवावी, पैसे भरल्याच्या पावत्या व संदेश जपून ठेवावेत, आणि धमकीच्या नोटिशीपोटी एक पैसाही देऊ नये. लाज बाळगायची ती लुटणाऱ्याने, आणि लुटू देणाऱ्या राज्यकर्त्यांनी.

परंतु या खुणा एकट्या माणसाने एकट्याने तपासायच्या असतील, तर भामटा नेहमीच एक पाऊल पुढे राहील. कुर्त्यांचे गठ्ठे आणणाऱ्या माणसाने एका स्त्रीला दुकानाचे नाव सांगितले नाही. गल्लीतील वीस जणींनी एकाच दिवशी, एकाच आवाजात तोच प्रश्न विचारला, तर त्याला ते सांगावे लागेल. इंदूरच्या आमच्या साथींनी या भगिनीला भेटावे, आणि तिच्या गल्लीतून प्रारंभ करावा, ही आमची सूचना आहे.